चित्राला आधी तारीख विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकावर 'बाळापूर' असं टाईप केलं आणि पडद्यावरची पृथ्वी गरकन फिरून अकोला जिल्ह्यात जाऊन थांबली. मन आणि म्हैस या दोन नद्यांमधल्या किल्ल्याचं ते बाळापूर प्रसिद्ध आहे, त्यात संगणकाची चूक नव्हती. पण आम्हाला हवं होतं आमचं बाळापूर: हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरी तालुक्यातलं, आखाडा बाळापूर. ही गोष्ट 2006 सालची. मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली घरी नुकताच संगणक आणला होता. 'गुगल अर्थ' नावाची एक मोफत मिळणारी गंमत आहे आणि त्यात अख्खी पृथ्वी घरबसल्या पाहता येते, असं कुणीतरी सांगितलं होतं.

नाव चालेना, तेव्हा आम्ही वाट धरली. आधी हिंगोली शोधलं. तिथून नांदेडच्या रस्त्याची पुसट रेघ धरून बोट सरकवत कळमनुरी मागे टाकली आणि आमच्या गावावर आलो. आलो म्हणजे काय, तिथे एक मातकट हिरवट डाग होता. ना घर, ना रस्ता, ना शाळा. त्याच संध्याकाळी आम्ही पॅरिसचा आयफेल टॉवर पाहिला होता, इजिप्तचे पिरॅमिड पाहिले होते, मुंबईतली क्रिकेटची मैदानं पाहिली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, आपलं गाव पुसून टाकलंय का?" तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि सगळी पृथ्वीच अंधारात गेली.

गाव पुसलेलं नव्हतं. ते ठिपक्यात मावलेलं होतं. हे नीट समजलं की उपग्रहाच्या चित्राचं निम्मं गुपित समजतं.

उपग्रहाचं चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची ओळ. प्रत्येक ठिपका जमिनीच्या एका तुकड्याचा सरासरी रंग दाखवतो. तो तुकडा केवढा, यावर चित्र किती स्पष्ट हे ठरतं. शास्त्रज्ञ हे मीटरमध्ये सांगतात; आपण गुंठ्यात मोजू. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. 17 मार्च 1988 रोजी भारताचा 'आयआरएस-1ए' हा दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा होता. म्हणजे एका ठिपक्यात सव्वा एकराहून अधिक जमीन! त्यात पिकाचा पट्टा कळे, धरणाचं पाणी कळे. पण घर कळणं शक्यच नव्हतं. 2006 साली गुगल अर्थमध्ये बहुतेक खेड्यांसाठी जी चित्रं होती, त्यांचा ठिपका पंधरा मीटरच्या आसपासचा होता. म्हणजे सव्वादोन गुंठे. आमचं घर, गोठा, अंगण आणि शेजाऱ्यांची भिंत मिळून एक ठिपका. मोठ्या शहरांची चित्रं मात्र तेव्हाच एका मीटरपर्यंत किंवा त्याहूनही बारीक होती. आज अर्ध्या मीटरचा ठिपका सर्रास पाहायला मिळतो. तेव्हा सव्वादोन गुंठ्यांना एक ठिपका होता, आता एका गुंठ्याला चारशे ठिपके. भारताचाच 'कार्टोसॅट-3' हा नोव्हेंबर 2019 मध्ये सोडलेला उपग्रह तर पाव मीटरच्या आसपास पोचला आहे.

ही गंमत मुळात गुगलची नव्हे. 'कीहोल' नावाच्या एका अमेरिकन कंपनीने 2001 मध्ये असा कार्यक्रम तयार केला होता. अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांच्या मालिकेचं नाव 'कीहोल' होतं, त्यावरून हे नाव घेतलेलं. 2004 मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि जून 2005 मध्ये 'गुगल अर्थ' या नावाने तो कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला. आपल्या 'इस्रो'ने 12 ऑगस्ट 2009 रोजी 'भुवन' सुरू केलं. तेही आपल्याला घरी बसून पाहता येतं.

आता दुसरं गुपित. पुष्कळांना वाटतं की वर एक डोळा उघडा आहे आणि तो आत्ता, या क्षणी, आपल्या अंगणात पाहतो आहे. असं काही नसतं. हे उपग्रह पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने, उत्तर-दक्षिण फेऱ्या मारतात. एका फेरीला साधारण दीड ते पावणेदोन तास. खाली पृथ्वी फिरत असते, म्हणून दर फेरीला नवा पट्टा दिसतो. त्या दिवशी आपल्या गावावर ढग असले की ती फेरी वाया. मग निरनिराळ्या दिवशी काढलेले स्वच्छ तुकडे निवडून एकमेकांना जोडतात. ही आपल्या आजीची गोधडीच समजा. एक तुकडा लुगड्याचा, एक धोतराचा, एक कुठल्याशा झबल्याचा. त्यामुळे एखाद्या शिवारात अर्धं रान श्रावणातलं हिरवंगार आणि बांधापलीकडचं वैशाखातलं करपलेलं दिसतं. मध्ये सरळ रेघ. ती शिवण आहे. तो ना चमत्कार, ना कुणाच्या विहिरीचा प्रताप.

हे मला पुस्तकातून नाही, आईकडून कळलं.

चार-पाच वर्षांनी आमच्या भागाचं स्पष्ट चित्र आलं. पत्र्यांची छपरं, शाळेचं पटांगण, नांदेड रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा दिसू लागल्या. मी आईला खुर्ची देऊन पडद्यासमोर बसवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. खालून पाहिलेलं गाव वरून ओळखायला वेळ लागतो. मग तिने मारुतीच्या देवळावरून वाट काढली, बोटाने गल्ली चालत आली आणि आमच्या दारापाशी थांबली. तिथे एक गोल, गडद हिरवा ठिपक्यांचा पुंजका होता आणि त्याच्या एका अंगाला काळी सावली.

"आरं, लिंब तर उभाच हाय की!" ती म्हणाली.

आमच्या दारातला कडुलिंब त्याच्या आदल्या वर्षी मृगाच्या तोंडावरच्या वादळात पडला होता. माझ्या वडिलांनी लावलेला. त्याच्या सावलीत त्यांची खाट असे. पडद्यावर तो शाबूत होता. आईने विचारलं, "मंग हे कवाचं हाय?" मी संगणक शिकलेला माणूस, पण हा प्रश्न मला तोवर सुचलाच नव्हता. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तारीख होती. चित्र दोन वर्षांपूर्वीचं होतं.

तेव्हापासून मी कुठलंही चित्र उघडलं की आधी तारीख पाहतो. ती दिसत नसेल तर सावलीला विचारतो. पृथ्वीची चित्रं घेणारे बहुतेक उपग्रह एखाद्या ठिकाणावरून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातील अशी त्यांची कक्षा ठेवलेली असते. ऊन पुरेसं असतं आणि ढगही फार दाटलेले नसतात. त्या वेळी आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेकडे कललेला असतो. झाडाची सावली वायव्येला पडते आणि जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी असते. मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेला आणि बराच वर. सावली पश्चिमेला आणि उंचीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्यावरून चित्र हिवाळ्यातलं की उन्हाळ्यातलं हे घरी बसून ओळखता येतं. हा खेळ मुलांना जरूर शिकवा.

फेब्रुवारी 2009 पासून या कार्यक्रमात घड्याळाचं एक चिन्ह आहे. ते दाबलं की त्याच जागेची जुनी चित्रं एकामागून एक पाहता येतात. आमच्या शिवाराची चित्रं अशी मागे-पुढे सरकवली की काय काय दिसतं! पूर्वी नसलेले निळे चौकोन मधूनमधून उगवले आहेत. ती प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी दिवाळीनंतर पसरलेलं असतं. उन्हाळ्याकडे ते आत आत सरकतं आणि काठाला फिकट पट्टा उघडा पडतो. ती गाळपेराची जमीन. पाण्याने किती माघार घेतली, हे त्या पट्ट्याच्या रुंदीवरून कळतं.

पण काय दिसतं आणि ते का झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोणारचंच पाहा. उल्कापाताने झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते विवर पडद्यावर कंपासने काढल्यासारखं गोल दिसतं. जून 2020 मध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. उपग्रहाच्या चित्रांत मे महिन्यात हिरवं आणि जूनमध्ये गुलाबी असा फरक स्पष्ट दिसला. कारण मात्र चित्राने सांगितलं नाही. त्यासाठी सरोवराचं पाणी बाटलीत भरून न्यावं लागलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते तपासलं, तेव्हा कळलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे. दूरसंवेदनाच्या शास्त्रात याला नियमच मानतात. आकाशातून जे दिसलं, ते जमिनीवर जाऊन पडताळायचं. त्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

याहून हृदयाला भिडणारं उदाहरण खंडव्याचं आहे. पूर्वी आपल्या हिंगोलीवरून अकोला, अकोट करत खंडव्याला मीटरगेज जात असे, त्यामुळे हे नाव जुन्या माणसांना परकं नाही. 1986 साली खंडव्याचा पाच वर्षांचा सरू नावाचा मुलगा बऱ्हाणपूरच्या स्थानकावर भावाची वाट पाहता पाहता रिकाम्या डब्यात झोपला आणि जागा झाला तेव्हा गाडी पूर्वेकडे धावत होती. ती थेट हावड्याला पोचली. त्याला आपल्या गावाचं नाव धड सांगता येईना. पुढे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या ब्रायर्ली कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं. मोठेपणी सरू ब्रायर्ली गुगल अर्थ उघडून बसला. प्रवासाचे तास आणि गाडीचा वेग यांचा गुणाकार करून त्याने हावड्याभोवती एक वर्तुळ कल्पिलं आणि रात्री-रात्री जागून एकेक लोहमार्ग तपासला. डोक्यात दोनच खुणा पक्क्या होत्या: एका स्थानकाजवळची पाण्याची टाकी आणि रुळांवरचा पूल. 2011 मध्ये त्या खुणा बऱ्हाणपूरला जुळल्या आणि तिथून रूळ धरून तो खंडव्याला, आपल्या गणेश तलाई या वस्तीला पोचला. सगळं पडद्यावर.

2012 मध्ये तो प्रत्यक्ष आला तेव्हा घराला कुलूप होतं. आई तिथे राहत नव्हती. वस्तीतल्या माणसांनी विचारपूस केली आणि त्याला जवळच राहणाऱ्या आईपुढे नेऊन उभं केलं. चित्राने त्याला दारापर्यंत आणलं. आईपर्यंत नेलं ते माणसांनी. पुढे त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि 2016 मध्ये चित्रपटही निघाला.

घरबसल्या जग पाहण्याचा मला झालेला एक उपयोग आमच्या जिल्ह्याशीच जोडलेला आहे. औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, असं वाचून डोळ्यांपुढे काही येईना. म्हणून अमेरिकेतल्या दोन जुन्या लायगो शोधल्या. एक हॅनफर्डच्या माळावर, दुसरी लिव्हिंग्स्टनच्या झाडीत. झाडी कापत गेलेल्या त्या दोन सरळ रेघा वरून पाहिल्यावर आवाका कळला. मग कार्यक्रमातली मोजपट्टी घेतली आणि आमच्या बसस्थानकापासून चार किलोमीटरची रेघ ओढली. गाव कधीच मागे पडलं, रेघ दुसऱ्या शिवारात जाऊन थांबली. जगातली दूरची गोष्ट आपल्या मापाने मोजता आली, तरच ती आपल्याला कळते.

आता शेवटची गोष्ट सांगतो. ती सांगताना जरा संकोच वाटतो, पण तिच्यासाठीच हे सारं सांगायला घेतलं.

आमची आणि चुलतभावाची जमीन लागून आहे. मध्ये बांध. काही वर्षांपूर्वी तो एका संध्याकाळी मोबाईल घेऊन आला. उपग्रहाच्या चित्रावर गट नंबरांच्या रेघा टाकलेल्या होत्या आणि आमची विहीर रेघेपलीकडे, त्याच्या गटात दिसत होती. "दादा, मी म्हणत नाही, हे वरून दिसतंय," तो म्हणाला. मी म्हणालो, वरून दिसलं म्हणजे खरं असं नाही. त्याला वाटलं मी उडवून लावतो आहे. शब्दाने शब्द वाढला. त्या वर्षी पोळ्याला दोन घरांचं येणं-जाणं झालं नाही.

मी उडवून लावत नव्हतो. उपग्रह पुष्कळदा जमिनीकडे सरळ खाली न पाहता तिरका पाहतो. त्यामुळे चित्र जागेवरून काही मीटर सरकू शकतं. चढ-उताराच्या रानात तर अधिकच. त्यावर टाकलेल्या गटाच्या रेघा जुन्या कागदी गावनकाशांवरून संगणकात उतरवलेल्या. मूळ मोजणी साखळीने केलेली, कागद कित्येक वर्षांत आकसलेला, ताणलेला. एक सरकलेलं चित्र आणि एक सरकलेली रेघ एकमेकांवर ठेवली, तर कुणाचीही विहीर कुणाच्याही गटात जाईल. शेताची हद्द ठरवायची ती सरकारी मोजणीने. पडद्यावरचं चित्र हा हद्दीचा पुरावा नव्हे.

पण खरं सांगायचं तर मीही एक लबाडी केली होती. घड्याळाचं चिन्ह दाबून मी त्या बांधाची जुनी चित्रं एकट्याने पाहिली होती. चित्र सरकलेलं असलं, तरी एकाच चित्रातली रुंदी मोजता येते. सर्वांत जुन्या स्पष्ट चित्रात बांध चार-पाच ठिपक्यांचा होता, त्यावर बोरी-बाभळी होत्या. अलीकडच्या चित्रात तो दोन ठिपक्यांचा राहिला होता. दरसाल नांगराचं एकेक तास बांधात घुसलं होतं. चुलतभावाच्या बाजूने, आणि आमच्याही. आमच्या बाजूच्या दोन बाभळी कधी गेल्या, हे मला ठाऊक होतं. ते चित्र मी त्याला दाखवलं नव्हतं.

शेवटी दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला. भूकरमापक आले, खुणा ठरल्या, दगड रोवले. विहीर आमच्याच गटात निघाली. पण तिच्या पलीकडची हातभर रुंद पट्टी, जी आम्ही आमची म्हणून पेरत होतो, ती त्याची निघाली. त्या रात्री मी त्याला घरी बोलावलं आणि जुनी चित्रं एकेक करून दाखवली. बांध झिजताना दोघांनी पाहिला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, हे आधी दाखवलं असतं तर मोजणीची फी वाचली असती." आम्ही दोघेही हसलो. पुढच्या मृगाला बांध दोन्ही बाजूंनी रुंद केला आणि त्यावर कडुलिंबाची रोपं लावली. ती अजून वरून दिसण्याएवढी झालेली नाहीत.

हे चित्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. चांगला साक्षीदार असतो तसं ते जे पाहिलं तेवढंच सांगतं, ज्या दिवशी पाहिलं त्या दिवसाचं सांगतं, आणि विचारलं तर आपल्याविरुद्धही सांगतं. जमीन कुणाची, झाड कुणी लावलं, घराला कुलूप का, हे त्याला माहीत नसतं. सुट्टीत मुलं संगणकावर किंवा मोबाईलवर पृथ्वी फिरवत बसली तर रागावू नका. शेजारी खुर्ची घेऊन बसा. पिरॅमिड पाहून झाले की त्यांना म्हणा, आता आपलं गाव काढ. आधी तारीख बघायला सांगा, मग सावली कुठल्या बाजूला पडली आहे ते विचारा. आणि ऊन उतरलं की त्यांना घेऊन त्याच बांधापर्यंत पायी जा.